कागदावरचा चांगुलपणा

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. सकाळी भाजणीची परात पुढ्यात घेऊन बसले होते आणि अमेरिकेतून भाचीचा फोन आला. तिकडे रात्र. आवाज दमलेला. म्हटलं, काय गं, बरं नाही का? तर म्हणाली, "तब्येत ठीक आहे मावशी. पण एक सांग, वस्तीवरच्या मुलींना मी गणित शिकवायचे ना, ते साल कुठलं? आणि मुली किती होत्या?"

साल मला आठवत होतं. २००९ आणि २०१०, उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या. मुली बारा. माझ्या आठवणीप्रमाणे ही बाई तेव्हा स्वखुशीने शिकवायला गेलेली नव्हती. बारावीची परीक्षा झाली होती, दिवसभर टीव्हीसमोर लोळत होती, म्हणून माझ्या बहिणीने तिला माझ्याकडे पाठवलं आणि मी तिला समाजमंदिरात नेऊन बसवलं. पहिले चार दिवस रुसली होती. नंतर रमली, हेही खरं.

"हे आत्ता कशाला हवंय तुला?"

"नोकरीच्या अर्जात लिहायचंय."

भाची रसायनशास्त्रात पीएचडी झालेली, पुढे दोन-तीन वर्षं संशोधनही केलेलं. आता तिला प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायचे होते. तिथल्या अर्जाला बायोडेटा लागतो, संशोधनाचा आराखडा लागतो, शिकवण्याबद्दलचं टिपण लागतं, गुरुजनांची शिफारसपत्रं लागतात. हे सगळं समजण्यासारखं. पण त्याबरोबर आणखी एक-दोन पानांचा कागद बऱ्याच विद्यापीठांत मागत. त्याचं नाव 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट'. मराठीत म्हणूया वैविध्याचं निवेदन. समाजात मागे राहिलेल्यांसाठी, मुलींसाठी, काळ्या वर्णाच्या किंवा गरीब घरातल्या विद्यार्थ्यांसाठी तुम्ही आजवर काय केलंत, त्या विषयाची तुम्हाला किती जाण आहे आणि नोकरी मिळाल्यावर काय करणार, हे त्यात लिहायचं. म्हणजे आपल्या चांगुलपणाचा बायोडेटाच म्हणा ना!

आपल्याला हे जरा नवलाचं वाटतं, कारण आपल्याकडे रीत वेगळी. आपल्याकडे आरक्षण आहे, बिंदुनामावली आहे, जातीचा दाखला आणि जात पडताळणी आहे. त्या पद्धतीबद्दल कुणाचं काही मत असो, पण ती उमेदवाराला "तुझे विचार काय?" असं विचारत नाही. अमेरिकेत तशा राखीव जागा ठेवता येत नाहीत. कॅलिफोर्नियात तर १९९६ साली मतदारांनीच 'प्रपोझिशन २०९' मंजूर केलं. तेव्हापासून तिथल्या सरकारी विद्यापीठांना वर्ण किंवा स्त्री-पुरुष भेद पाहून प्रवेशात वा नोकरीत झुकतं माप देता येत नाही. प्राध्यापकांच्या खुर्च्यांवर मात्र बहुतांशी गोरे पुरुषच. मग वाट काढली गेली ती अशी, की तू कोण आहेस हे विचारायचं नाही, तू कुणासाठी काय केलंस हे विचारायचं. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. बायकांना प्रयोगशाळेच्या दारात उभं करून ठेवण्याचा इतिहास तिथेही काही फार जुना नाही.

पण कागद आला की तो तपासणारा येतो, आणि तपासणारा आला की गुणांचा तक्ता येतो. बर्कलीच्या विद्यापीठाने असा तक्ताच केला होता. जाण, आजवरचं काम आणि पुढची योजना अशी तीन सदरं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. कमी गुण कुणाला? "मी सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच वागवीन" असं लिहिणाऱ्याला! हे वाचून मी चमकले. थोडा विचार केल्यावर वाटलं, त्यात तथ्य आहे. घरात उशिरा आलेल्या सुनेला आणि आधीच जेवून बसलेल्या पाहुण्याला सारखंच वाढून चालत नाही. पण ज्या बिचाऱ्याला ही वाक्यरचना कुणी शिकवलीच नाही, तो साधेपणाने "सारखंच वागवीन" असंच लिहिणार ना? त्याचे गुण गेले.

आणि जातात म्हणजे किती जातात? बर्कलीमध्ये २०१८-१९ या वर्षी जीवशास्त्राच्या जागांसाठी पात्र असे ८९३ अर्ज होते. आधी हे निवेदन वाचायचं, असा त्यांनी प्रयोग केला. त्यातून २१४ पुढे गेले. उरलेले ६७९ जण त्या एका कागदावर मागे पडले. त्यांनी काय संशोधन केलं होतं, वर्गात ते कसं शिकवतात, इथपर्यंत पाळीच आली नाही. पुढच्या यादीत अल्पसंख्य उमेदवारांचं प्रमाण वाढलं, हेही नोंदवायला हवं. म्हणजे प्रयोग करणाऱ्यांना जे हवं होतं ते काही अंशी मिळालं. पण त्या ६७९ जणांत एखादी अशी नसेल का, जिने आयुष्यभर गरीब मुलांना शिकवलं आणि लिहिताना मात्र तिला दोन ओळीसुद्धा सुचल्या नाहीत?

भाचीचा पहिला खर्डा तिने मला वाचून दाखवला. साधा होता. बारा मुली, त्यातल्या आठजणींना अपूर्णांक येत नव्हते, भाकरीचे तुकडे करून शिकवले, दुसऱ्या वर्षी सातच मुली आल्या. मला आवडला. दोन दिवसांनी तिच्या एका मैत्रिणीने तो 'सुधारून' दिला. त्यात अपूर्णांक नाहीत, भाकरी नाही. त्या जागी आलं होतं 'अंडरसर्व्हड रूरल कम्युनिटी', 'इन्क्लुझिव्ह पेडागॉजी', 'लिव्हड एक्स्पिरियन्स'. मी तिला म्हटलं, मराठीत सांग. ती म्हणाली, "दुर्लक्षित ग्रामीण समाज, सर्वांना सामावून घेणारी अध्यापनपद्धती आणि... स्वतः जगलेला अनुभव." म्हटलं, अगं, न जगलेला अनुभव कसा असतो? दोघी हसलो. पण तिने तोच खर्डा पाठवला. काय करणार, पोटाचा प्रश्न होता.

हसले खरी, पण मला हसायचा अधिकार आहे का? गेली अठरा-वीस वर्षं बचत गटांचं काम करते. सुरुवातीला अहवालात लिहायचे, "दोघींनी घरी संडास बांधून घेतला." एका देणगीदार संस्थेच्या साहेबांनी समजावलं, असं नसतं लिहायचं मॅडम. मग मी शिकले. 'स्वच्छतेबाबत वर्तनबदल'. 'क्षमताबांधणी'. 'लाभार्थींचे सक्षमीकरण'. बायका जमून चहा प्यायल्या आणि एकीने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं, तर ते 'लिंगभाव संवेदनशीलता सत्र'. असा अहवाल गेला की पुढचा हप्ता वेळेवर येतो. माझ्या शेजारच्या गावातल्या ताईंचं काम माझ्याहून दुप्पट, पण त्यांना हे शब्द जमले नाहीत. त्यांचा निधी दोन वर्षांत थांबला. तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं होतं, त्यांनी शिकून घ्यायला हवं होतं. आज तसं म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट भाचीला छळत होती, ती तिने तिसऱ्या फोनला सांगितली. मैत्रीण म्हणत होती, तू वेगळ्या वर्णाची, परदेशी, त्यात स्त्री, तुझ्यावर झालेला अन्याय लिही. अन्याय झाला नव्हता असं नाही. हिचे उच्चार कळत नाहीत, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी लेखी केली होती. पण ती म्हणाली, "मावशी, आपल्या घरात कुणाचा कप वेगळा होता, ते मला माहीत आहे. मग मी कुठल्या तोंडाने स्वतःला वंचित म्हणू?"

आमचं घर वाड्याचं. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंचा कप माझ्या सासूबाई होत्या तोवर मागच्या कोनाड्यात वेगळा असे. त्यांचीच मुलगी त्या बारा जणींत होती. गणितात सगळ्यांत हुशार. आता गंमत बघा, अमेरिकेच्या कागदावर माझी भाची आणि ती मुलगी दोघी एकाच रकान्यात बसतात. भारतीय, स्त्री. कोनाडा त्या रकान्यात मावत नाही. हे तिथल्या काही विद्यापीठांनाही उमगू लागलंय. बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. आपली माणसं सातासमुद्रापार गेली तरी कोनाडा बरोबर घेऊन जातात, हे दलित विद्यार्थ्यांनी तिथे ठासून सांगितलं तेव्हा कुठे ते घडलं. भाचीने शेवटी अन्यायाचा परिच्छेद लिहिला नाही. मला बरं वाटलं.

या निवेदनांविरुद्ध तिथे सर्वांत गाजलेला आवाज एका बाईंचाच होता. अॅबिगेल थॉम्पसन, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गणित विभागाच्या प्रमुख. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या मुखपत्रात त्यांनी लेख लिहिला. मागे राहिलेल्यांना पुढे आणण्याचे प्रयत्न व्हायलाच हवेत, असं त्यांचं म्हणणं. पण नोकरीसाठी विशिष्ट विचारांची कबुली मागणं म्हणजे पन्नासच्या दशकातल्या निष्ठेच्या शपथेसारखंच झालं. लेखाच्या बाजूने आणि विरुद्ध शेकडो सह्यांची पत्रं आली.

ही शपथ काय होती? कम्युनिस्टांच्या धास्तीने कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९४९ साली प्राध्यापकांवर ती लादली. सही केली नाही म्हणून १९५० मध्ये ३१ जणांना घरी बसवलं. त्यातले सगळे कम्युनिस्ट होते म्हणून अडले नव्हते. सही मागण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, असं म्हणून अनेकजण अडले. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. काढलेल्यांपैकी डेव्हिड सॅक्सन नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पुढे १९७५ मध्ये त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले!

शपथ आणि निवेदन एकच आहे, असं मला पूर्णपणे पटत नाही. शपथ माणसं हाकलण्यासाठी होती, निवेदन माणसं आत आणण्यासाठी होतं. पण सही करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडे एकच विचार मनात येतो. मला काय वाटतं ते राहू दे, त्यांना काय वाचायला आवडेल?

मग खरं काम कसं होतं? याचं माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर उदाहरण एमआयटीमधलं आहे, आणि ते या निवेदनांच्या बरंच आधीचं. नॅन्सी हॉपकिन्स या तिथल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापक. झेब्रा माशांवर काम करायचं होतं, टाक्या ठेवायला आणखी दोनशे चौरस फूट जागा हवी होती. मिळेना. तुम्हाला पुरेशी जागा आहे, असं सांगण्यात आलं. तेव्हा या बाईंनी काय केलं? मोजपट्टी घेतली आणि प्रयोगशाळा मोजत सुटल्या. त्यांच्याकडे दीड हजार चौरस फूट, त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांकडे सरासरी तीन हजार. नुकत्याच लागलेल्या पुरुषांकडेही यांच्यापेक्षा जास्त! १९९४ मध्ये विज्ञान शाखेतल्या सोळाजणी एकत्र आल्या आणि त्यांनी अधिष्ठात्यांना पत्र दिलं. अधिष्ठाता होते रॉबर्ट बर्जेनो. त्यांनी ऐकून घेतलं, समिती नेमली. १९९९ मध्ये अहवाल आला आणि एमआयटीने जाहीरपणे मान्य केलं, हो, आमच्याकडे बायकांवर अन्याय झालाय. पगार सुधारले, जागा दिल्या, बायकांची संख्या वाढली. (हेच बर्जेनो पुढे बर्कलीचे प्रमुख झाले. योगायोग.)

मला ती मोजपट्टी फार आवडते. भिंतीपासून भिंतीपर्यंत किती फूट, यात कुणाचं मत लागत नाही आणि भाषाही लागत नाही. समजा, हॉपकिन्स बाईंच्या त्या सहकाऱ्यांकडून तेव्हा वैविध्याचं निवेदन मागितलं असतं, तर त्यांनी किती छान लिहून दिलं असतं! आणि जागा दीड हजारच राहिली असती.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्याच एमआयटीने मे २०२४ मध्ये ही निवेदनं मागणं बंद केलं. तिथल्या अध्यक्ष सॅली कॉर्नब्लुथ यांची भूमिका अशी, की सक्तीचं निवेदन अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या आड येतं आणि त्याचा उपयोगही होत नाही. हार्वर्डमध्ये कायद्याचे प्राध्यापक रँडल केनेडी यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेख लिहून विरोध केला होता. केनेडी स्वतः कृष्णवर्णीय आणि डाव्या विचारांचे, म्हणून त्या लेखाला वजन आलं. जूनमध्ये हार्वर्डच्या कला-विज्ञान शाखेने माघार घेतली, डिसेंबरमध्ये मिशिगनने आणि मार्च २०२५ मध्ये, जिथे हे प्रकरण सर्वांत फोफावलं त्या कॅलिफोर्निया विद्यापीठानेही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, छान झालं, कटकट गेली. मलाही क्षणभर वाटलं. पण टेक्सासमध्ये बघा. तिथे १ जानेवारी २०२४ पासून कायदाच आला. निवेदनं बंद, त्याबरोबर सरकारी विद्यापीठांमधली ही सगळी खातीही बंद. ऑस्टिनच्या विद्यापीठात महिलांसाठी एक केंद्र होतं, तेही २०२४ मध्ये मिटलं. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आल्या आल्याच केंद्र सरकारमधले असे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. कागद नको म्हणणारे दोन प्रकारचे असतात. थॉम्पसन बाईंना कागद नको होता, काम हवं होतं. दुसऱ्यांना कामच नको होतं, कागद हे निमित्त मिळालं. शब्दांचा बुडबुडा फुगवून ठेवण्यात हाच धोका. तो फोडायला कुणालाही टाचणी सापडते, आणि आतलं खरंखुरं जे थोडं असतं ते बरोबर जातं. एखादीला रडायला, बोलायला, विचारायला एक खोली होती. ती गेली.

भाचीला २०२४ मध्ये एका लहान कॉलेजात नोकरी लागली. त्या निवेदनामुळे लागली की त्याच्याशिवायही लागली असती, देव जाणे. गेल्या वर्षी ती स्वतः नेमणूक समितीवर बसली. आता तिथे हा कागद मागत नाहीत. मी विचारलं, मग आता कसं ठरवता? म्हणाली, "उमेदवाराला एक तास खऱ्या वर्गात शिकवायला लावतो. मागच्या बाकावर बसलेल्यांशी तो बोलतो का, ते मी बघते." मग जरा थांबली आणि म्हणाली, "मावशी, ती मुलगी आता कुठे असते गं?"

कुठली, ते विचारावं लागलं नाही. दुसऱ्या सुट्टीत ती येईनाशी झाली होती. दहावीच्या परीक्षेला ती बसलीच नाही. लग्न झालं. तेव्हा तिला अठरा पूर्ण होती का? नव्हती. मला माहीत होतं. मी बचत गटाची कार्यकर्ती, बालविवाहावर भाषणं देणारी, आणि आमच्याच घरी काम करणाऱ्या बाईंच्या घरचं लग्न म्हणून मी गप्प बसले. हळदीकुंकवाला जाऊन आले, साडी देऊन आले. भाचीच्या निवेदनात ती 'दुर्लक्षित समाजातील बारा विद्यार्थिनी' यातली एक होती. माझ्या त्या वर्षीच्या अहवालातही ती आहे. 'लाभार्थी: १२'.

ती तालुक्यालाच असते. नवरा टेम्पो चालवतो, दोन मुलं आहेत, थोरली चौथीत. मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. भाचीचं नाव काढताच ओळखलं, म्हणाली, "भाकरीवाल्या ताई?" मग लेकीची वही दाखवली. अपूर्णांकच चालले होते. घरी तीच शिकवते.

बोलता बोलता तिनेच विचारलं, दहावीला आता बसता येतं का? येतं की. १७ नंबरचा फॉर्म असतो, बाहेरून बसणाऱ्यांसाठी. नाव, पत्ता, आधार, फोटो, शाळा सोडल्याचा दाखला. विचार कसले आहेत वगैरे काही विचारत नाहीत. पण तिचा दाखला सासरच्या घरात कुठे गेला कुणास ठाऊक, पत्र्याच्या पेटीतही मिळाला नाही. दुसरी प्रत काढावी लागेल. सोमवारी आम्ही दोघी तिच्या जुन्या शाळेत जाणार आहोत. कारकून साडेअकराच्या आधी येत नाहीत, असं ती म्हणाली.